विसाव्याचा रकाना

दगडाला सूत निघतं, असं रेणुकाच्या बापाला कुणी सांगितलं असतं, तर त्यानं घण खाली ठेवला असता, कपाळावरचा घाम बोटानं निपटला असता आणि सांगणाऱ्याला विचारलं असतं, "सकाळपास्नं पोटात काय गेलं न्हाई का रं तुज्या?" दुर्गाप्पा विटकरचा सगळा जन्म काळ्या पाषाणाशी झोंबण्यात गेला. दगड फुटताना त्यानं हजारदा पाहिला. दगड वितळताना पाहायचं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं.

त्याच्या लेकीनं तो पाषाण भट्टीत घातला. साडेचौदाशे अंशांवर सह्याद्रीचा काळा दगड काकवीसारखा ओघळतो. ती काकवी सुईच्या अग्राएवढ्या भोकांतून ओढली की केसाहून बारीक सोनेरी धागा निघतो. अशा लाखो धाग्यांना लेप द्यायचा, पीळ घालायचा, की झाला शिलादोर. पोलादाच्या दोराला गंज चढतो, आणि तो डोंगरावर न्यायचा तर हेलिकॉप्टर लागतं. हा दोर सहा गडी खांद्यावर घेऊन चढायचे. वर त्या लेपाची करामत अशी, की बारीक तडा गेला तर तो आपला आपण सांधायचा.

कोयनेच्या वरच्या खोऱ्यात दर पावसाळ्यात रस्ते वाहून जात. शेवटी सरकारनं रस्ते बांधणंच सोडलं आणि दरीवरून पाळणे टांगले. अकरा वाड्या, अकरा पाळणे, सगळे रेणुकाच्या दोरावर.

त्यातला एक दोर आषाढाच्या शेवटी तुटला. पाळण्यात माणूस नव्हतं. दोराचं तुटकं टोक फणा काढल्यागत उलटं आलं आणि वरच्या स्टेशनात एकट्या उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर बसलं. पाथरसड्याचा पाळणा चालवणारा यल्लाप्पा विटकर. रेणुकाचा पाठचा भाऊ.

दरी चढून ती पोचली तोवर मातीही उरकली होती.

*

"चौकशी तुम्हीच करा," टेंबेसाहेब म्हणाले. कारखाना त्यांनी उभा केलेला. माणूस हळू बोलणारा, वाईट नव्हे.

"साहेब, मी त्याची बहीण आहे."

"म्हणूनच म्हणतो. दोर तुमच्याइतका कुणाला कळत नाही. आणि सख्ख्या बहिणीनं लिहिलंय म्हटल्यावर कुणी शंकाही घेणार नाही." त्यांनी चौकशीचा नमुना तिच्यापुढे सरकवला. वरचे सगळे रकाने भरलेले होते. प्रवासी नसताना, परवानगी नसताना, पूर्ण भाराची दगडांची पोती टाकून चालकानं पाळणा सोडला. फक्त 'मूळ कारण' ही चौकट कोरी होती.

"यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवलेलं दिसतंय."

"मानवी चूक. दुसरं काय म्हणणार याला?" टेंबेंनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या महिन्यात आणखी चाळीस वाड्यांचा निर्णय आहे, रेणुका. चाळीस वाड्यांतल्या बायका अजून डोलीत बाळंत होतात. दोरावर संशय आला, तर त्या डोलीतच राहतील. एवढं ध्यानात ठेवा."

नमुन्याची घडी घालून ती पर्समध्ये ठेवताना रेणुका म्हणाली, "आधी वर जाऊन येते. मग लिहिते."

मानवी चूक. हे दोन शब्द भावाच्या नावापुढे तिनं आधी एकदा लिहिले होते. स्वतःच्या हातानं.

*

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दोर अजून व्हायचा होता.

असा दोर करायचा म्हणजे तेरा गोष्टी ठरवायच्या असतात. भट्टीची धग, धाग्याची जाडी, लेपातला चीक, पिळाची घट्टी, अशा तेरा. प्रत्येकीच्या कमी, मध्यम, जास्त अशा तीन पायऱ्या. सगळ्या जोड्या लावून बघायच्या म्हटल्या तर पंधरा लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे तेवीस प्रकारचे दोर वळावे लागतील. सात पिढ्या पुरायच्या नाहीत. पण गुणवत्ता सुधारणाऱ्यांच्या शास्त्रात एक जुना, शहाणा तक्ता आहे. ओळी फक्त सत्तावीस. गावजेवणात प्रत्येक घरचं माणूस दुसऱ्या प्रत्येक घरच्या माणसाशेजारी सारख्याच वेळा बसावं अशी पंगत मांडावी, तसे त्यात तेरा रकाने मांडलेले असतात. सत्तावीस दोर वळले की कुणाचं कुणाशी जमतं ते कळतं.

मग ते दोर उन्हात, दमट हवेत, हादऱ्यात ओढून तोडायचे. ऊन, पाऊस, वारा कारखान्याच्या हातातले नव्हेत. शास्त्रात त्यांना कोलाहल म्हणतात. कोलाहल थांबवता येत नाही. कोलाहलातही शांत राहील असा माल करायचा, एवढंच माणसाच्या हाती.

प्रत्येक ओळीचे तीन नमुने, म्हणजे एक्क्याऐंशी आकडे. ते अनुमानयंत्राला दिले की उरलेल्या पंधरा लाख दोरांचं भविष्य ते दुपारच्या चहापर्यंत वर्तवून मोकळं होई. जुन्या लोकांना ज्याला दहा वर्षं लागली असती, ते रेणुकानं चौदा आठवड्यांत करायचं कबूल केलं होतं. पंधरा लाखांचा मांडव आणि त्याला एक्क्याऐंशी मेढी. एखादी मेढ खोटी निघाली तर काय, हा प्रश्न त्या घाईत कुणी विचारला नाही.

नमुने ओढायचं काम यल्लाप्पाकडे होतं. त्याला तिथं तिनंच लावलं होतं, आणि म्हणून कारखान्यात कुजबुज होती. मॅडमनी भावाला चिकटवलाय, म्हणत. त्या कुजबुजीला भिऊन रेणुका भावाशी सगळ्यांहून कडक वागायची. दुसऱ्याला दोन बोल, तर यल्लूला चार.

एकोणिसाव्या ओळीचा दुसरा नमुना तेरा टनांवर तुटला. बाकी सगळे बाविसाच्या आसपास होते.

"तेरा?" रेणुकानं आकडा दोनदा वाचला. "हे काय, यल्लू?"

यल्लाप्पानं मान खाजवली. "अक्का, चूक माझी झाली. आबाच्या वर्षश्राद्धाला गेलो तवा नमुना चिमट्यातच राहिला. ताण सोडून गेलतो, पर दमट पेटी चालूच राहिली. तीन दिस. आल्यावर तसाच वडला."

"न सांगता गेलास?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?"

बापाच्या वर्षश्राद्धाला ती स्वतः गेली नव्हती. चौदा आठवड्यांत तेवढी फट नव्हती.

"पर आकडा खरा हाय, अक्का," यल्लाप्पा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. "म्या आवाज ऐकलाय त्येचा. बाकीचे दोर ताणले का टण्ण बोलत्यात. ह्यो बद्द बोलला. आबा काय म्हनायचा? चार दिस खाण बंद राहिली का पयला घाव एकट्यानं घालायचा. बाकीच्यांनी लांब हुबं ऱ्हायाचं. बसल्या दगडाचा भरवसा न्हाई."

वडारांच्या पालावर ही रीत होती खरी. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी दुर्गाप्पा एकटाच खाणीत उतरायचा, आणि लेकरांना पोटाशी धरून वर काठावर उभी आई गुणगुणायची:

*पहिला घाव घालू, धरतरीला सांगून*
*ऊठ ऊठ गं माये, लेकरं हुबी लांबून*

"दोर म्हणजे खाण नव्हे," रेणुका म्हणाली. मागच्या टेबलावरची दोन पोरं गालात हसत होती. ते हसू तिच्या पाठीला टोचलं.

आकडा पंगतीबाहेरचा दिसला की यंत्र कारण विचारी. चार नावं दाखवी: माणूस, यंत्र, माल, पद्धत. यातलं एक बोटानं टिपायचं. माणूस म्हटलं की तो आकडा पुसला जाई आणि नवा नमुना ओढायची परवानगी मिळे. रेणुकानं 'माणूस' टिपलं. खाली शेरा लिहिला, मानवी चूक. नवा नमुना न थांबता ओढला. बावीस टन.

महिनाअखेरीला यल्लाप्पाचा करार संपला आणि तो पुन्हा करायचा नाही असं ठरलं. त्या कागदावरही सही तिचीच. जाताना तो रागावला नव्हता. डब्याची पिशवी खांद्याला लावून दारात थांबला.

"मला काढलंस त्येचं काय न्हाई, अक्का. आकडा ठेवायचा व्हतास."

त्यानंतर दोघांत बोलणं असं झालंच नाही. दिवाळीला तिनं कपडे पाठवले, त्यानं ते घातले असं कळलं. बस्स.

*

पाथरसडा म्हणजे उघडा कातळ, चौदा घरं आणि धुकं. अकरा वाड्यांत सगळ्यांत उंच, म्हणून वारं दिवसचे दिवस अडवी तो पाळणा इथलाच. तुळसा उंबऱ्याजवळ बसली होती. नणंदेला पाहून उठली, तांब्या भरून आणला.

"पाणी घ्या, वन्सं."

तेवढंच. रडली नाही, गळ्यात पडली नाही. रेणुकाला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारची ठकूबाई येडगे भिंतीला धरत धरत आली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण जीभ धारदार. "कंपनीची बाई ती हीच का?"

"त्येंची बहीण हाय, आत्ती," तुळसा म्हणाली.

"मग ऐक बाये," म्हातारी खाली टेकली. "तुज्या भावाला आमी दगड्या म्हनायचो. का? तर वारं सुटलं का तुमचं मशीन पाळणा बंद करायचं आन् दोर ढिला सोडायचं. चार दिस, आठ दिस. मग उघडीप पडली का आमी रांग लावून हुबं. आन् ह्यो काय करायचा? आधी रिकामा पाळणा सोडायचा. मग त्येच्यात दोन पोती दगड. मग चार. मग सहा. अर्धा दिस दगडंच तालुक्याला जाऊन यायची. आमी बसतो आपलं शिव्या घालत."

"कधीपासून करत होता असं?"

"आल्यापास्नं," तुळसा म्हणाली. "दोन वर्सं. पाच महिन्यांमागं तुमच्या हापिसातनं फतवा आला. रिकामी फेरी एकच. दुसरी सोडाया गेलं का मशीन कुलूप घालायचं."

रेणुकाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो फतवा तिला पाठ होता. वाया जाणारी हालचाल शोधून कमी करणं, हे तिच्याच विभागाचं काम. अकरा पाळण्यांच्या आलेखात एक दांडी सगळ्यांत उंच होती. पाथरसडा, रिकाम्या फेऱ्या सर्वाधिक. ती उंच दांडी आपला भाऊ आहे हे तिला माहीत होतं. फोन करून 'का रे?' एवढं विचारायचं तिला सुचलं नाही. की सुचलं, आणि धीर झाला नाही?

"त्या दिशी नऊ दिसांनी वारं पडलं," ठकूबाई म्हणाली. "माजी डोळ्याची तारीख. आमी अकरा जनं रांगेत. ह्येनं एकाच फेरीत समदी पोती भरली, अकरा मान्सांच्या वजनाची. मीच जास्त बोलले. म्हटलं, दगडाचं काय लगीन हाय रं तालुक्याला? आमाला ने की! तर हसला. म्हनला, आजी, दगडं पडली तर दुसरी मिळत्यात. मागं सरा समदी, लांब हुबं ऱ्हावा."

पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

रेणुका निघाली तेव्हा तुळसा अंगणापर्यंत आली. रेणुकानं विचारलंच, "तुळसा, इतक्या नोकऱ्या होत्या. यल्लूनं हीच का धरली? याच दोरावर?"

तुळसा धुक्याकडे बघत म्हणाली, "मी बी इचारलं व्हतं. त्ये म्हनले, अक्काचा दोर हाय. कुनीतरी घरचं मानूस लागंल तितं."

*

कोठारात तुटलेल्या दोराच्याच खेपेचा दोर शिल्लक होता. रेणुकानं त्याचे नमुने कापले आणि एकेक करून दमट पेटीत ढिले सोडले. प्रयोगशाळेतल्या पोरांना वाटलं, मॅडमचं डोकं ठिकाणावर नाही. नऊ दिवस ती रोज येऊन त्या पेटीसमोर बसली. घरात मेलेल्या माणसाशेजारी बसतात, तशी.

तीन दिवस विसावलेला नमुना तेरा टनांवर तुटला. नऊ दिवसांचा पावणेदहावर. दरीवर ताठ ओढलेल्या दोराला भरला पाळणा दहा टनांचा ताण देतो.

का, ते लेपाच्या तपासणीत कळलं. लेप स्वतःला सांधायचा तो फुगडी घालणाऱ्या पोरींसारखा. त्याच्या रेणूंनी एकमेकींचे हात धरलेले. ताण आला की एखादीचा हात सुटतो, पण गर्दी घट्ट असते, लगेच शेजारणीचा हात सापडतो. दोर कामावर आहे तोवर फुगडी मोडत नाही. पण दोर ढिला सोडला, त्यात धुकं शिरलं, की सुटलेले हात शेजारणीऐवजी पाण्याला धरतात. बाहेरून काही दिसत नाही. दोर तसाच काळाभोर, तसाच चकचकीत. आत सगळ्यांनी पाण्याचे हात धरलेले.

शेवटचे दोन नमुने तिनं यल्लाप्पाच्या रीतीनं ओढले. आधी रिकामे, मग थोडा भार, मग थोडा जास्त, सोडत, ताणत, सबंध सकाळभर. पाणी निथळलं, हात पुन्हा हातांत आले. दोन्ही नमुने बावीस टनांवर तुटले.

दोन वर्षं दर उघडिपीला तो दोराची नुसती परीक्षा घेत नव्हता. नकळत दोर बरा करत होता.

रेणुका फळ्यापुढे उभी राहिली. या धंद्यात एक शिस्त आहे. चूक घडली की पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, कारण पहिलं उत्तर नेहमी जवळ उभ्या असलेल्या माणसाचं नाव सांगतं.

यल्लाप्पा का गेला? दोर तुटला.

दोर का तुटला? नऊ दिवस ढिला, धुक्यात पडून दुबळा झाला होता.

मग त्या सकाळी तो हळूहळू का जागवला नाही? फेरी एकच मिळत होती. सगळा भार एकदम टाकावा लागला.

फेरी एकच का? वाया जाणारी हालचाल म्हणून बाकीच्या बंद केल्या. सही: रेणुका विटकर.

तिथं तिचा खडू अडला, कारण तिला एक कागद आठवला. कामगारांच्या सुधारणा-सूचना दर महिन्याला तिच्या समितीपुढे येत. नावं झाकून येत. कुणाच्या ओळखीपाळखीचा वशिला नको म्हणून हा नियम तिनंच घातला होता. फतवा निघाला त्या महिन्यात चाळीसेक होत्या. त्यातली एक एका पोरानं मुद्दाम हेल काढून मोठ्यानं वाचली होती: *दोर झोपून उठला का त्याला एकदम वझं देऊ नये. म्हाताऱ्या माणसागत आधी हळू चालवावा. रिकाम्या फेऱ्या बंद करू नये ही विनंती.*

सगळे हसले होते. 'म्हाताऱ्या माणसागत!' कुणीतरी म्हणालं होतं, दोराला चहा पण द्यायचा का? शेरा पडला, आकड्यांचा आधार नाही, सूचना नामंजूर.

तीही हसली होती. मोठ्यानं नाही. ओठांच्या कोपऱ्यात, इतकंच.

चार वर्षं न बोललेला भाऊ एकाच वाटेनं तिच्याशी बोलू शकत होता. कागद आपल्या अक्काच्या टेबलावरून जाणार हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हाक दिली, आणि तिनं त्या हाकेवर नामंजुरीची सही केली.

तिनं नोंद उघडली. झाकलेलं नाव वाचलं. मग खडू उचलून पाचवा 'का' लिहिला.

दोर विसाव्यानं दुबळा होतो, हे आकड्यात का नव्हतं? सत्तावीस ओळी, तेरा रकाने. विसाव्याचा रकाना नव्हताच. तो एका माणसानं चुकून उघडला होता, आणि मी तो 'माणूस' म्हणून पुसला.

खडू ठेवून ती जमिनीवर बसली, आणि कातळावर जे रडू आलं नव्हतं ते आलं. दारातली पोरं चूपचाप निघून गेली.

*

टेंबेसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "हे तुम्ही कुणाविरुद्ध लिहिलंय, कळतंय ना?"

"माझ्याविरुद्ध."

"अकरा पाळणे आजच बंद करावे लागतील. भर पावसात. चाळीस वाड्या लांबणीवर."

"हो."

टेंबेंचा आवाज खरंच मऊ झाला. "रेणुका, माझं ऐका. मूळ कारण 'मानवी चूक' राहू द्या. खाली टीप घाला, पाळणा बंद राहिल्यास सकाळी भार हळूहळू वाढवावा. चालक करतील तसं. पाळणे चालू राहतील, वाड्या वाचतील, तुमची खुर्ची राहील. यात कुणाचं काय जातं?"

हे बोलणं वेडं नव्हतं. तीच तर खरी अडचण होती. रेणुकाच्या डोळ्यांपुढे डोलीतल्या बायका आल्या, रांगेतली म्हातारी आली.

"यल्लूचं जातं," ती म्हणाली. "अकरा जणांना मागं सारून तो एकटा उभा राहिला, आणि आपण लिहायचं, चुकला म्हणून. आणि टीप कुणी वाचत नाही, साहेब. मी वाचली नव्हती. उद्या आलेख निघेल, एखादी दांडी उंच दिसेल, आणि माझ्यासारखीच कुणीतरी हुशार बाई ती खाली बसवेल. त्या सकाळी पाळण्यात दगड नसतील."



तिनं टेंबेंच्या समोरच यंत्र उघडलं, चार वर्षं मागं गेली, एकोणिसावी ओळ काढली. 'माणूस' खोडून 'माल' टिपलं. पडद्यावर सूचना आली: *आधीचं कारण आपल्याच नावे नोंदलेलं आहे. बदल कायम करायचा का?*

तिनं 'होय' टिपलं. तेरा टनांचा आकडा जागेवर येऊन बसला. यंत्र क्षणभर घुटमळलं आणि पंधरा लाख उत्तरं एकामागून एक बदलू लागली.

*

श्रावण लागला तरी पाळणे बंदच होते. नव्या माणसांनी नवा तक्ता मांडला होता, विसाव्याचा रकाना घालून. रेणुकाची खुर्ची दुसऱ्याकडे गेली. तिनं मागितलं एवढंच, की शेऱ्यातली दुरुस्ती छापील कागदावर मिळावी. तो कागद घेऊन ती चार तास चढून पाथरसड्यावर आली.

तुळसानं कागद वाचला. सावकाश, बोट फिरवत. यल्लाप्पा विटकर यांचं मोजमाप बरोबर होतं. चूक त्यांची नव्हती.

"नाव धुतलंत," ती म्हणाली. "बरं केलंत, वन्सं. हे मी चौकटीत लावीन." मग कागदाची कड नीट करत, वर न बघता म्हणाली, "पर त्ये असताना एकदा येऊन बसला असता तर. फकस्त बसला असता. त्येंनी दोन वर्सं दिवाळीला तुमच्यासाठी पाट मांडून ठिवला."

तुळसानं कागद उराशी धरला आणि आत गेली. दार लावलं नाही, पण आत याही म्हणाली नाही.

बाहेर डोली तयार होत होती. ठकूबाईच्या डोळ्याची नवी तारीख मिळाली होती. पाळणा असता तर सात मिनिटांचं काम. आता चार तासांची निसरडी उतरण आणि खांद्याला माणसं कमी. वाडीतले तीनच गडी उभे होते. रेणुकानं पदर खोचला आणि मागच्या बांबूखाली चौथा खांदा दिला. कुणी नको म्हटलं नाही.

पहिल्या वळणावर म्हातारीनं हात मागं करून तिचा खांदा चाचपला. "बाईमानूस दिसतंय. कोन गं?"

"रेणुका. यल्लाप्पाची बहीण."

"म्हंजे पाळणा बंद केला ती?"

"व्हय, आजी. मीच बंद केला."

दोन ओढे झाले. धुक्यात कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. पुढच्या गड्यानं हाळी दिली, "बाई, खांदा बदला हवा तर! बांबू कापतोय."

"नको," रेणुका म्हणाली. "राहू दे."

"नको म्हनती तर नको," म्हातारी डोलीतून कुरकुरली, आणि मग हात तसाच रेणुकाच्या खांद्यावर ठेवून म्हणाली, "पर पाय बघून टाक, बाये. मला खाली न्यायचंय तुला."